तीन मागे

इनारीच्या गोठलेल्या तळ्यावर, मार्चअखेरीस,
रेनडिअरची शर्यत संपली आणि भांडण सुरू झालं.
पंच आस्लात तंबूत चित्रफीत हळू फिरवून दाखवत होता:
चार नंबरच्या जनावराचं नाक रेषेपलीकडे,
मग अलीकडे,
मग पुन्हा पलीकडे.
"पळतं जनावर मागं येतं होय?" बिरेत ओरडली.
शेजारचा म्हणाला, तुझं येतं.

पंचाचा अख्खा संगणकच बसनं ओउलूला आला,
राकेलच्या टेबलावर, भिजलेल्या खोक्यातून.
इल्मो म्हणाला, प्लेअर तू लिहिलास, चूक तुझीच.
चोर सोडून संन्याशाला सुळी,
पण संन्याशानंही आधी आपली झोळी तपासावी.
तिनं दोन दिवस तपासली.

पडद्याचं रेकॉर्डिंग घेतलं: सगळं शहाण्यासारखं, ओळीत.
नोंदी लिहायला लावल्या, तर दोष गायब,
दवाखान्याच्या दारात दाढ दुखायची थांबते तसा.
नोंदी काढल्या. आला परत.

मग तिनं प्रत्येक फ्रेमच्या कोपऱ्यात
मोठा पांढरा आकडा छापला,
कॉफीच्या डब्याला टेकवून फोन उभा केला
आणि पडद्याचंच चित्रण केलं, सेकंदाला दोनशे चाळीस.
ती वाचत गेली, इल्मो पावाच्या पिशवीवर लिहीत गेला:

सहाशे अकरा
सहाशे बारा
सहाशे तेरा
सहाशे अकरा
सहाशे पंधरा

पुढे नऊशे दोन, तीन, चार, दोन, सहा.

इल्मोची पेन्सिल थांबली.
"दर वेळी तीनच मागे."
"आणि आपले बफर किती?"
तो उत्तरला नाही. खिडकीबाहेर बर्फ उकरणारी गाडी
त्याच रस्त्यावरून पुन्हा गेली.

तीन ताटं. एक समोर, एक रांगेत, एक वाढायला घेतलेलं.
आणि ड्रायव्हर, आत कुठंतरी, वाढून होण्याआधीच
'झालं' म्हणून हाक देतो.
ताट पुढं सरकतं
मागच्या पंगतीचं उष्टं घेऊन.

जुना ड्रायव्हर घातला. तासभर एकही चूक नाही.
नवा घातला. सातव्या मिनिटाला नाक मागे.
कंपनीला लिहिलं; नऊ दिवसांनी एक ओळ आली:
पुढच्या आवृत्तीत पाहू. वरातीमागून घोडे.
तोवर राकेलनं एक सक्तीचा थांबा घातला,
खरंच झालं का, ते विचारून मगच पुढे.
चार मिलिसेकंद जातात. जाऊ देत.

आस्लातचा फोन: "मग जिंकलं कोण?"
फायलीत फ्रेमा पहिल्यापासून नीटच होत्या.
तिनं एकेक मोजून सांगितलं:
चार नंबर दुसरा. कानाएवढ्या अंतरानं.

पलीकडे बराच वेळ वाऱ्याचा आवाज.
मग बिरेतनं फोन घेतला.
"दुसरा तर दुसरा.
पण तो मागं गेला नव्हता.
एवढं कागदावर लिहून द्या, शिक्क्यासकट."

ऑफिसात शिक्का नव्हता.
राकेलनं तो करून घेतला.