माना पडेपर्यंत

चौतीस वर्षे चोडण ते रायबंदर,
रायबंदर ते चोडण,
एवढाच माझा प्रवास.
नोव्हेंबरअखेर खाकी शर्ट धुऊन खुंटीला लावला
आणि दुसऱ्या दिवशी सवयीने पाचला जाग आली.
जायला कुठे नव्हते, म्हणून
न्हाणीच्या मागे गेलो.

तिथे चार पावलांचा तुकडा:
चिऱ्यांचे भुगे, करवंट्या,
मेलेल्या कुत्र्याची साखळी.
आठ दिवस कुदळ मारली.
चुलीतली राख, शेणखत,
बांगड्यांची डोकी खोल पुरली,
तरी मांजर दोनदा उकरून गेले.

क्लोतिल्दा गडग्यावरून बघत होती.
संध्याकाळी ओल्या गोणपाटात
कांद्याचा तरवा आणून दिला,
दोन मुठी हिरवे केस.
"पैसे किती?"
"कांदे जाल्यार सांग."

फेरीचा जुना दोर ताणून
मी ओळी सरळ धरल्या.
बोटाच्या पेराएवढे भोक, एक काडी, दाबलेली माती,
पुन्हा भोक.
कुमुदिनी दारातून म्हणाली,
बाजारात तीस रुपये किलो आहे.
पण हल्ली तांदूळ धुतलेले पाणी
मोरीत जात नाही.
मी विचारत नाही.

कांदा काही सांगत नाही.
भेंडी लटकून दाखवते, मिरची लाल होते,
हा मातीत पाठमोरा बसतो.
दोनदा मी बोटाने उकरून पाहिले
आणि चोरी केल्यासारखे परत झाकले.
फेब्रुवारी सरता विहीर मचूळ होऊ लागली.
पाणी आधी जिभेवर,
मग वाफ्यात.

शिगम्याचे ढोल वाजून गेले त्या पहाटे
अर्धा वाफा आडवा.
मला वाटले, डुक्कर.
पायांचे ठसे शोधत वाकलो होतो,
तर क्लोतिल्दा गडग्याला टेकून हसते आहे.
"मान पडूं दी, मागीर काड."
म्हणजे आतले काम झाले.
आता पाणी तोडायचे.

हे सगळ्यात कठीण गेले.
पाचला हात बादलीकडे जायचा
आणि मी तो खिशात घालून उभा राहायचो,
पात पिवळी होताना बघत.

एकसष्ट कांदे.
मोठा चिकूएवढा, लहान बोरासारखा.
वास मात्र असा, की रस्त्यावरचा पोदेर
सायकल थांबवून विचारता झाला.

बोट बांधायच्या सगळ्या गाठी मला येतात.
भरतीच्या, ओहोटीच्या, पावसातल्या अंधारातल्या.
कांद्याच्या पातीवर एकही चालेना,
ओढली की तुटायची.
क्लोतिल्दाने सुंभाचा धागा मध्ये घेतला,
तीन पेड, सैल,
जसे पोरीचे केस शाळेची घाई नसताना.
सातव्या कांद्यानंतर मला जमले.

एक माळ तिच्या घरी,
एक खाकी शर्टाच्या खुंटीवर.
शर्टाने आता पुसायचे फडके होऊन
बरेच दिवस झाले.

कोपऱ्यात एक कांदा डेंगळा होऊन बसलाय,
पोकळ दांडा, टोकाला पांढरा चेंडू, भोवती मधमाश्या.
कुमुदिनी म्हणते, हा का ठेवला?
मी म्हटले, त्याची मान ताठ आहे अजून.
ती म्हणाली, म्हणूनच त्याला कांदा धरत नाही.
तेही खरे.

पलीकडून भोंगा येतो.
सहाची फेरी.
दोन मिनिटे उशिरा.