पटावरचे सगळे

शिवणकामाच्या खोलीला आता संगणक कक्ष म्हणायचं
असं जूनमध्ये परिपत्रक आलं,
आणि त्याच कागदावर मीही बदलले.
त्याआधी मे महिन्यात दहा दिवसांचं प्रशिक्षण, चहा-बिस्किटं,
एक प्रमाणपत्र, त्यात माझं आडनाव चुकलेलं.

कन्नमवार नगर, दुसरा मजला.
अकरा यंत्रं, चालू सात.
शिलाई मशीनचे लोखंडी पाय कोणी नेले नाहीत,
त्यांच्यावरच फळ्या टाकून मॉनिटर बसवले.
पोरांचे पाय आपसूक पायडलवर जातात
आणि खाली करकर चालू राहते,
काहीच न शिवता.

पहिल्या तासाला म्हटलं,
हे यंत्र हुशार नाही, आज्ञाधारक आहे.
सांगाल तेवढंच करतं.
(हे प्रशिक्षणातलं.)
मग माझं सांगितलं:
स्वेटरचा नमुना असतो ना,
दोन सुलट, एक उलट, ओळ संपेपर्यंत,
बाराव्या ओळीला एक टाका घटवायचा.
"मुंबईत स्वेटर कोण घालतं, बाई?"
झिशान मणेर.
बरोबरच होतं त्याचं.

मोजायचं शून्यापासून.
म्हणजे पहिला बाक शून्य नंबरचा, म्हटल्यावर
तिथे बसलेला आदिनाथ उगीच रुसला.
कंस उघडला तर मिटायचा,
अवतरणचिन्हं जोडीने,
आणि सगळं इंग्रजीत. मराठी त्याला कळत नाही.
हे फळ्यावर लिहून मी खाली रेघ मारली.

लाल अक्षरांत चुका येत होत्या.
वर्ग त्या मोठ्याने वाचत होता, एका सुरात,
सिंटॅक्स एरर, लाइन थ्री,
कविता पाठ करावी तशा.

उत्तरा खरात खिडकीशी.
मावशीच्या झेरॉक्सच्या दुकानात संध्याकाळी अर्ज टाइप करते:
उत्पन्नाचा दाखला, नावात बदल, नळजोडणी,
मराठीत, न बघता, दहा बोटांनी.
तिने विचारलं नाही. करून पाहिलं.
पट
मग बरोबरचं चिन्ह,
मग चौकोनी कंसात एकेचाळीस नावं,
माझ्या तोंडून रोज ऐकून पाठ झालेली.
एक इंग्रजी फॉर, एक इंग्रजी इन,
मधे "नाव",
आणि छापायला प्रत्येकापुढे एकच शब्द.
मी तिच्यामागे उभी, लाल अक्षरांची वाट बघत.

आली निळी.
रोहिदास अहिरे हजर
उत्तरा खरात हजर
आदिनाथ घोगरे हजर

यंत्राने माझी रेघ वाचलीच नव्हती.

"चालतंय की, बाई."
फुशारकी नाही, गिऱ्हाइकाला पावती द्यावी तसं.

सगळे तिच्या पडद्यापाशी गोळा.
ज्याचं नाव दिसे तो ओरडे,
आणि मग तेविसावं,
म्हणजे यंत्राच्या हिशेबाने बाविसावं:
सुयश पडवळ हजर

सुयश गेल्या दिवाळीपासून येत नाही.
काकाबरोबर एसीत गॅस भरायला जातो,
पवईला, तिसाव्या-बत्तिसाव्या मजल्यांवर.
नाव काढलं तर पट कमी,
पट कमी तर तुकडी बंद.
त्याच्या चौकटीत रोज मी काय लिहिते
ते आजवर कोणी वाकून पाहिलं नव्हतं.

पायडल थांबली.
"ह्याला खोटं कळत नाही का, बाई?"
नाही रे, म्हटलं.
सांगाल तेवढंच करतं.
आणि घंटेच्या आधीच तास सोडला.

पुढच्या तासाला इफ आहे.
म्हणजे जर. साडीच्या काठातली नव्हे,
जर-तरमधलं.
जर आला असेल तर हे छापायचं,
नसेल तर दुसरं.

रात्री टाचण काढताना
हजर लिहिलं पेन्सिलने,
पुढचं एक अक्षर खोडलं की
शिकवायचा शब्द तयारच होता आत.

त्याखाली मुद्दे:
फळ्यावरची रेघ पुसणे.
उत्तराला पुढे बसवणे, तिचं ऐकणे.
शनिवारी पडवळांकडे जाणे,
काका घरी असेल अशा वेळी.