हमी नाही

क्लोकेच्या हार्लन लिंडक्विस्टनं पावतीच्या पाठीवर
दोनच शब्द लिहिले: हमी नाही.
खाली दोनदा रेघ मारली.
थंडीनं शाई आखडली होती,
दुसरी रेघ नुसतीच उमटली, बिनरंगाची.

आठशे डॉलर. सहा माणसांचा हॉट टब.
आम्ही दोघं.

म्हैस पाण्यात आणि बाहेर मोल, आई म्हणायची.
इथे उलटंच. म्हैस समोर, गॅरेजमध्ये, कोरडी ठाक,
पाण्याचाच पत्ता नाही.
आणि पाण्याशिवाय कळणार कसं, कुठं गळतं ते?
दिगंबरनं बोटाच्या पेरानं टकटक केलं,
कुंभाराकडे मडकं वाजवून घेतात तसं.
फायबरग्लास काही बोललं नाही.

पंप कण्हतो, पण चालतो, हार्लन म्हणाला.
दिवा लागत नाही.
झाकण पाणी पिऊन जड झालंय.
मुलगी दाखवताना कुठलाच बाप सांगत नाही
असे एकेक दोष त्यानं ओळीनं सांगितले.
गुण एकच:
आर्डिसच्या गुडघ्यांना बरं वाटायचं.

वाटायचं.
सहाशे, फार तर साडेसहाशे,
माझ्या जिभेवर तयार होतं. गिळलं.

पदरी पडलं पवित्र झालं,
ट्रेलरचे पट्टे आवळत दिगंबर म्हणाला.
पदर कसला, मी तीन थरांच्या कोटात.

डुलूथला आमचं घर चढावर.
शेजारच्या ओलाफसनची दोन पोरं, प्लॅस्टिकचे चार पाइप,
आणि मागून मी, उगाचच हात लावत.
स्वयंपाकघराच्या नळाची नळी खिडकीतून बाहेर काढली,
भरायला साडेपाच तास,
ऊब घरातली सगळी त्याच फटीतून गेली.

सकाळी पाणी चार बोटं कमी.

दिगंबर दोनदा भोवती फिरला, दोष सापडेना.
मग मी फडताळातून जिलबीचा रंग काढला,
गेल्या दिवाळीतली अर्धी पुडी,
ओतली सगळी.
तासाभरानं उत्तरेच्या कोपऱ्यात
बर्फावर एक केशरी धागा निघाला,
वळला, पुन्हा वळला,
कोणी चोरून जिलबी पाडत होतं जणू.

फोन मीच केला. तक्रार नव्हती,
मॉडेलचा नंबर तेवढा हवा होता.
हार्लन चाळीस मिनिटांत दारात,
खिशात रबराच्या चकत्या, काखेत पाना.
पंचाहत्तरीचा माणूस बर्फात उताणा आडवा झाला,
तासभर आम्हाला त्याचे बूटच दिसत होते.

पैसे घेईना. पोहे घेतले.
शेंगदाणे ताटलीच्या कडेला मांडून ठेवले, कवळी असणार.
हमी नाही ना, दिगंबरनं हसत आठवण दिली.
नाहीच, तो म्हणाला,
पुन्हा गळलं तर फोन करा.

आता बसा ना थोडं पाण्यात, मी म्हटलं.
नको.
पण बाही कोपराच्या वर सरकवून
त्यानं हात आत सोडला, डाव्या बाजूला,
घड्याळ काढायचं विसरला.
आम्ही उगाच
खळगा पडलेल्या झाकणाबद्दल बोलत राहिलो.

आठवडाभर पाकात बसल्यासारखे बसलो आम्ही,
तळपाय केशरी.
मग पाणी बदललं.

जानेवारीत पारा उणे पंचविसावर,
केसांवर हिम, गळ्याखाली उन्हाळा,
खाली सुपीरिअर सरोवर नुसतं काळं.
पंप कण्हतो, दिगंबर कण्हतो,
कोण कुठला ते मला अंधारातही ओळखू येतं.

डावीकडचा तिसरा फवारा अजून बंद आहे.
तिथं बसायचं नाही, असं आमचं ठरलंय.
पाहुणे नेमके तिथंच बसतात,
आणि म्हणतात, इथं छान वाटतं.