दिवेलागणीच्या बसने परत

मडगावात, बोर्ड्याला, चार दिवसांसाठी एक खोली,
मी आणि कुंदा. ती माझी भावजय होती.
भाऊ गेल्यावर आता नेमकं कोण,
ते कोणी सांगितलेलं नाही.
वहीत नात्याच्या रकान्यात मी 'मैत्रीण' लिहिलं,
तिने वाचलं, आणि पेनाला टोपण लावलं.

सामान हलवायचं नाही, एवढंच ठरलेलं.
सकाळी कदंबाच्या स्टँडवर जायचं,
जी बस सुटायला आली तिची पाटी वाचायची,
जेवणवेळेला कुठे तरी पोचायचं,
दिवेलागणीला परत.
पिशवीत पाणी, दोन पोई, आंब्याचं लोणचं,
आणि भावाची काळी छत्री,
जी कुंदा उन्हातही उघडत नाही.

घरमालकीण एर्मेलिंद, बल्कांवात सूप घेऊन,
तांदळातले खडे वेचत विचारायची,
"आयज खंय गेल्ल्यो?"
आणि आम्ही दोन पोरींसारखी हजेरी द्यायचो.

बेतूलला गेलो होतो.
नदी समुद्रात शिरते तिथे पाणी बराच वेळ
आपापला रंग धरून राहतं.
धक्क्यावर एक बाई शिणाण्या मोजत होती,
शंभर झाले की कडेला एक खडा ठेवायची
आणि पुन्हा एकपासून.
कुंदा तिच्याजवळ उकिडवी बसली, बस येईपर्यंत.
"मोठ्यो आसल्यो?" एर्मेलिंदने विचारलं.
होत्या.
तिने मान हलवली, जणू तिनेच पाठवल्या होत्या.

नेत्रावळीला गेलो.
सांग्याच्या पुढे वळणं, कुंदाच्या मुठीत हुंगायला लिंबू.
तिथे देवळाची तळी आहे,
टाळी वाजवली की तळातून बुडबुडे वर येतात.
मी टाळ्या वाजवल्या. सहलीच्या मुलांनी तर कहर केला.
सगळे गेल्यावर कुंदा पायरीवर वाकली
आणि माझ्या भावाचं नाव घेतलं,
हळू, चहाला बोलवावं तसं.
आले. चार-पाच आले, ओळीने.
कपडे धुणारा पोरगा पलीकडून म्हणाला,
"कोणी नसलं तरी येतात हो."

एर्मेलिंदला बुडबुड्यांचं सांगितलं. नावाचं नाही.
ती आत गेली, बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आली.
मुलगा सेल्सो बोटीवर. बोट जेनोवाला लागली
की एक कार्ड:
समुद्रावर लोंबणारी गावं,
एकावर एक घरं, गुलाबी, पिवळी,
डोंगराला लिंबांच्या पायऱ्या.
"दिसभराची रजा. आगगाडयेन वता, पळयता,
सांजे बोटीर परत." मग आमच्याकडे बघत,
"तोय तुमचेवरी."
नेत्रावळी तिने पाहिलेली नाही.
बेतूल, लग्नाआधी एकदा.
"घर कोण पळयतलो?"

तिसऱ्या दिवशी बस चुकली.
बाजारात कुंदाने खारे बांगडे घेतले
आणि रात्रभर खोलीला त्यांचाच वास.

चौथ्या दिवशी एर्मेलिंद फाटकाशी उभी,
फुलाफुलांचा झगा, मिस्साचे बूट, हातात पर्स.
आम्ही काही विचारलं नाही. तीन तिकिटं काढली, खोलगडाची.
रस्त्याकडेला काजूची बोंडं कुजत होती,
तो आंबूस गोड वास खिडकीतून आत आला
आणि आमच्यासोबत शेवटच्या थांब्यापर्यंत बसला.

तटावर वारा इतका, की पर्स छातीशी धरावी लागली.
खाली नुसता खडक आणि पाणी.
"हांगा घरां नात," ती म्हणाली, जरा हिरमुसून.
मग, "जेनोवा खंयच्या वटेन?"
मी पश्चिमेला हात केला.
कुंदाने माझं मनगट धरलं
आणि हात थोडा उजवीकडे सरकवला.
तिला काय ठाऊक होतं, देव जाणे.
एर्मेलिंद त्या बाजूला बघत राहिली.
मग बूट काढून बसली, लोणच्याशी पोई खाल्ली,
आणि लोणच्यात मीठ कमी आहे म्हणाली.

परत आलो तेव्हा अंधार पडलेला.
घराला बाहेरून कुलूप, ते उघडायची तिला सवय नाही,
किल्ली उलटीच लागत होती.
कुंदाने छत्रीची मूठ काखेत धरून
मोबाईलचा उजेड पाडला.
समोरच्या बल्कांवातून कुणी तरी विचारलं,
"एर्मेलिंद, आयज खंय गेल्ली गो?"
ती लगेच बोलली नाही.
आधी दार उघडलं.