अंगठा उठत नाही

खरं सांगते, मी मुलं शोधायला निघाले
ती मुलांसाठी नाही.
पटावर सात नावं उरली होती.
चवथीपर्यंत दहा झाली नाहीत तर
शाळेला कुलूप,
आणि माझी बदली काणकोणात.

म्हणून मे महिन्याच्या उन्हात, छत्री घेऊन,
लाटंबार्स्याच्या रस्त्यानं
काजूच्या कारखान्यामागे, जिथं
पत्र्याच्या खोल्यांना भट्टीचा वास चिकटलेला.
ओट्यावर बाया. बायांमध्ये
बायांइतक्याच गप्प चार मुली.
मुकादम म्हणाला,
"कामाला नाहीत हो बाई. आयांसोबत बसतात, खेळतात."

खेळ असा:
बी पात्यावर धरायची, पायानं दांडा दाबायचा,
टरफल दोन, गर अख्खा.
तुकडा पडला तर आईच्या हिशेबातून वजा.

त्यातली एक फकीरव्वा. गदगकडची.
वय विचारलं तर म्हणाली,
धाकट्या भावाला कडेवर घेता येतं, एवढं.

तिच्या आईला मी काय काय सांगितलं!
दुपारचा पावभाजीचा खाऊ, गणवेश, पुस्तकं, सगळं फुकट.
ती राखेत हात बुडवत म्हणाली,
"आणि ह्याला कोण बघणार?"
माझ्याकडे छत्री होती, उत्तर नव्हतं.
चौथ्या खेपेला सुचलं,
म्हटलं, त्यालाही पाठव.
नियमात बसत नाही. वर्गात बसतो,
कोपऱ्यात, गोणपाटावर,
आणि बहुतेक वेळ झोपतो.

दुपारी एकनंतर ती पुन्हा ओट्यावर असते.
मला माहीत आहे.
एवढंच जमलं आहे अजून.

डिचोलीला आधारच्या केंद्रात
हिरव्या उजेडाच्या काचेवर तिनं बोट ठेवलं.
"अंगठा उठत नाही, बाई. पुन्हा."
पुसून पुन्हा. दुसरा हात. दहाही बोटं.
टरफलाच्या तेलानं सालं गेलेली,
नदीतल्या गोट्यांसारखी गुळगुळीत.
रांगेतल्या लोकांकडे न बघता
तिनं मला हळूच विचारलं,
"माझं चुकलं?"

आपण अडाण्याला अंगठेबहाद्दर म्हणतो.
हिच्याकडे तोही नव्हता.

पटावर आठवं नाव मी घातलंच.
कार्यालयातून फोन आला,
नंबराचा रकाना कोरा का?
म्हटलं, साहेब, कातडी येईपर्यंत थांबा.
पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही.
मग "बरं" म्हणाले, आणि रागानं की कशानं,
फोन ठेवला.

पहिल्या दिवशी पाटी घेण्याआधी
तिनं आजूबाजूला राख शोधली.
हात बुडवायला.
मी म्हटलं, इथं लागत नाही गो.
तरी दोन दिवस शोधत होती.

तक्त्यावरच्या क वर बोट ठेवून
मी जरा हुशारीनं म्हटलं, "क काजूचा."
तिनं मान हलवली.
"कमळाचा," म्हणाली.
कमळ तिनं पाहिलेलं नाही.
मग मी गप्प राहिले.

परवा तिनं नाव लिहिलं.
फ चं पोट फुगलेलं, र उताणा पडलेला,
व्वा मात्र असा सुरेख जोडला की
मीच तो मोठ्यानं वाचला.
वर्ग हसला. भाऊ जागा झाला.
तीही हसली, आणि लाजून
थुंकीनं ओला अंगठा पाटीवरून ओढला.

खडूच्या भुकटीत
पुसट, वाकड्या,
दोन की तीन रेषा.

मी म्हटलं, थांब, पुसू नको,
आणि चष्मा आणायला वळले.
येईपर्यंत तिनं पाटी स्वच्छ केली होती,
पुढचा शब्द हवा होता तिला.

पटावर आता नऊ.
चवथीला सतरा दिवस.
छत्रीची एक काडी मोडली आहे,
ती दुरुस्त करून घ्यायला हवी.