लठ्ठ गुरुवार

पहाटेचे सहा. लुब्लिन. उणे नऊ.
बेकरीच्या दारापासून औषधांच्या दुकानापर्यंत रांग,
सगळ्यांच्या तोंडून वाफ, शब्द कुणाच्याच नाही.
चाळीस दिवसांचा उपास सहा दिवसांवर आलाय;
एकादशीच्या आधीच दुप्पट खाऊन घ्यायचा
हा आमचा लठ्ठ गुरुवार.

माझ्या पुढे चौथा माणूस, करडी टोपी,
डाव्या खांद्यावर जरासा कललेला.
तीस वर्षं ट्रॉलीबस हाकलेली माणसं
जमिनीवरही वळणात असल्यासारखी उभी राहतात.
झेनोन.
माझ्या दवाखान्यातला, महिन्यातला पहिला सोमवार, सव्वादहा.

त्यानंही ओळखलं असावं.
टोपी भुवयांवर आली,
आणि भिंतीवरची उडालेल्या रंगाची सर्कशीची जाहिरात
त्यानं इतकी मन लावून वाचली
की मलाही वाटलं, वाचावी एकदा.

त्याची आहाराची वही मला पाठ आहे:
सोमवार – कुट्टू, उकडलेलं बीट.
मंगळवार – कुट्टू, ताजा चक्का, मुळा.
बुधवार – कुट्टू.
रक्तातली साखर मात्र दोन पायऱ्या उतरायची, तीन चढायची.
इतक्या स्वच्छ वहीवर माझा कधीच विश्वास बसला नाही.
नुसत्या कुट्टूवर जगणाऱ्याचं अक्षर
इतकं सरळ येत नाही.

मग काय झालं कुणास ठाऊक,
त्यानं मागच्या तिघांना पुढे जाऊ दिलं
आणि माझ्या शेजारी येऊन थांबला.
"कितीची परवानगी?"
मी तोंड उघडलं, तेवढ्यात बेकरीचं दारही उघडलं,
आणि तळणीचा तो वास आला,
ज्याच्यासमोर माझे सगळे तक्ते
कागदच असतात.
"एक," मी म्हटलं. "बसून. चवीनं."

थांब्याच्या बाकावरचं बर्फ त्यानं बाहीनं सारलं.
आधी वरची साखरेत मुरलेली संत्र्याची साल,
मग कडेचा फिकट पट्टा, गोल फिरवत,
गुलकंद शेवटाला ठेवला.
दोन ट्रॉलीबस येऊन गेल्या.
दुसरीच्या ड्रायव्हरला त्यानं चिकट हात केला.

"बायको होती तेव्हा दहा आणायचो," तो म्हणाला.
"आठ माझी. ती म्हणायची, मला दोन पुरतात.
मला वाटायचं, माझ्यासाठी मन मारते."
एकेक बोट चाटलं, अंगठ्याशी येऊन थांबला.
"एक जरा कमीच पडतो. पण पुरतो."

सोमवारी वही आली.
गुरुवार – कुट्टू, बीट. एक पोंचेक, गुलकंदाचा.
साक्षीदार: तुम्ही.

मी पान मागे उलटलं.
जुन्या ओळींच्या शेवटी जागा काढून,
निळ्या शाईत, घाईघाईनं, तिरकं:
नोव्हेंबर, बुधवार – शिवाय खसखशीचा केक. रात्री. उभ्यानं. दिवा न लावता.
डिसेंबर – मोजली नाहीत.
जानेवारी, दोनदा – दिवा न लावता.

पहिल्यांदाच ती वही
एका माणसाची वाटली.
लाल पेनाचं टोपण मी परत लावलं.
"पुढच्या महिन्यात," मी म्हटलं, "खायचंच असेल,
तर रविवारी दुपारी. ताटलीत. खिडकीपाशी."
त्यानं तेही लिहून घेतलं, 'ताटलीत' खाली रेघ मारली.

त्या पहाटे माझ्या पिशवीत आणखी पाच होते,
आणि मी एकटी राहते हे त्याला माहीत आहे.
ते त्यानं कुठंच लिहिलेलं नाही.