उलटं पाणी

ओरिसिया हाव्रिलुक वर्षातून एकदा
किनाशच्या अंत्यविधीगृहात मागच्या दाराने शिरते.
बाहेर उणे एकतीस. भुवयांवरचं दंव
आत आल्यावर वितळून नोंदवहीवर टपकतं.

तळघरात, चिनीमातीच्या टेबलामागे, भिंतीवर
तिची पितळी झडप.
म्हणजे दोन झडपा, आणि मध्ये मुठीएवढी खोली.
ती नळ्या जोडते, लाल, पिवळी, निळी,
आणि काटा स्थिरावेपर्यंत बोलत नाही.

किनाश बोलतो. दरवर्षी तेच:
"पाणी काय माघारी जातं होय, बाई?"

जातं.
धान्याच्या कोठाराला आग लागली त्या वर्षी गेलं होतं.
चार बंब एकदम सुरू झाले
आणि गावभरच्या नळांतला दम गेला.
या टेबलाची नळी तेव्हा बादलीत बुडालेली.
जे इथून जायचं ते उलटं चढलं,
भिंतीतून, बर्फाखालून, रुळांपलीकडे,
तीन घरांच्या किटलीत.

त्यातलं एक घर तिचं.
त्यानंतर आई मरेपर्यंत
नळाचा पहिला पेला ओतून द्यायची,
न बघता,
जणू तो कुणाच्या तरी नावाचा.

काटा साडेसातवर.
दुसरी झडपही धरते.
आता ती मधल्या खोलीला फसवते,
बारीक चावी केसभर फिरवून
खोटं संकट आणते.
खोली लगेच ओकते, भळाभळा, फरशीवर.

"गळतंय की!" किनाश बूट मागे घेतो.

"गळायलाच हवं.
बिनसलं की आपलं सगळं जमिनीवर सांडायचं,
गावाकडे थेंब पाठवायचा नाही.
एवढंच शिकवलंय तिला."

पेनातली शाई गोठली आहे. दोनदा फुंकर.
तारेने पाटी बांधते: उत्तीर्ण. तारीख. सही.
ऑक्टोबरात आई याच टेबलावर होती.
तेव्हा ती वरच बसली होती, कोट न काढता,
खालून नळ सोडल्याचा आवाज येत होता
आणि मनात एकच हिशेब,
मागच्या तपासणीला अकरा महिने झाले.

वर किनाशची बायको तेक्ला चहाला आधण ठेवते.
किटली नळाखाली धरते तसा
ओरिसियाचा हात मध्ये जातो.
"पहिलं जाऊ दे."

तेक्ला तिच्याकडे बघते.
मग खालच्या जिन्याकडे.
"आत्ताच तर तपासलंस ना?"

"हो," ओरिसिया म्हणते. "चोख आहे."
आणि पाणी वाहू देते.